मास्तरांचा रक्तदाब

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून थोरली नवा दिवा फिरवून बसवत होती, तेवढ्यात तिच्या शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. एका हाताने दिवा धरून तिने दुसऱ्या हाताने फोन काढला. पडद्यावर एक हिरवं पान डोलत होतं. ‘बाबांचा रक्तदाब आत्ताच घेतला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. सगळं छान!’

तिने खाली पाहिलं. खाली बाबांचं टक्कल होतं, आणि टकलाच्या दोन्ही बाजूंना शिडी घट्ट धरलेले बाबांचे दोन हात.

“बाबा, तुमचे हात कुठे आहेत?”

“कुठे असणार? शिडीला. तूच म्हणालीस ना, सोडू नका.”

“मग आत्ता बीपी कुणी मोजलं?”

शिडी जराशी हलली.

थोरली उतरली. बाबांच्या पलंगाशेजारच्या फळीवर मशीन असायचं, तिथे पुसल्यासारखी चौकोनी जागा तेवढी होती. तिने नुसतं बाबांकडे पाहिलं. बाबांनी हनुवटीने शेजारच्या घराची भिंत दाखवली.

थोरली ज्या कंपनीत होती तिथे रुग्णांसाठी एक ॲप तयार होत होतं. कुणाची गोळी चुकली, कुणाचा आकडा वाढला, हे घरच्यांना आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे कळावं, असा सगळा बेत. थोरलीचं काम पडदे आखायचं: कुठला आकडा कुठे दिसेल, कुठल्या रंगात, कुणाला. मशीनने दंडाचा रक्तदाब मोजला की आपलं आपण कळवून टाकायचं, म्हाताऱ्या माणसाला एकही बटण दाबायला लावायचं नाही, हा तिचाच हट्ट. चांगल्याला हिरवं पान आणि वाईटाला लाल घंटा, हेही तिचंच डोकं. हट्टाला कारण होतं. आई शेवटपर्यंत “काही नाही गं, दमलेय जराशी” म्हणत राहिली आणि एक दिवस दमून निजली ती उठलीच नाही. आणखी कुणाच्या घरात असं न कळता राहू नये, म्हणून थोरलीने हे काम मागून घेतलं होतं. ॲप आधी थोड्या लोकांना वापरून बघायला दिलं, त्यात तिने बाबांचं नाव घातलं. बाबांची खबर चौघांना जायची: तिला, परदेशातल्या धाकट्याला, आत्याला आणि डॉक्टरीणबाईंना.

शेजारी मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. पाय जमिनीला टेकलेले, डोळे मिटलेले, दंडाला पट्टा. मास्तरांनी उभा जन्म पोहायला शिकवलं होतं; या गल्लीतली निम्मी पोरं त्यांनीच पाण्यात ढकललेली, थोरलीसुद्धा. डोळे उघडून त्यांनी दारात तिला पाहिलं आणि पट्टा न काढताच दोन्ही हात वर केले.

“पोरी, मी तुझ्या पेंटर बापाला आधीच सांगितलं होतं, हे उघडकीला येणार.”

“मास्तरकाका, कधीपासून चाललंय हे?”

“कधीपासूनचं काय विचारतेस, आता अंगवळणी पडलंय. पण एक सांगतो, मी हे काम हलक्यात घेतलेलं नाही. तुझ्या बापाची अब्रू माझ्या दंडावर आहे, म्हणून मी जेवणातलं मीठ कमी केलंय. मोजायच्या आधी पाच मिनिटं तोंड उघडत नाही.”

“याला पाच मिनिटं गप्प बसवणं,” मागून आलेले बाबा म्हणाले, “याच्या बायकोला उभ्या संसारात जमलं नाही.”

थोरलीला हसू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

“बाबा, डॉक्टरीणबाई या आकड्यांवरून तुमची गोळी ठरवतात! गोळी तुम्ही खाताय आणि बीपी मास्तरकाकांचं मोजताय!”

“गुण आलाय तसा,” मास्तर म्हणाले. “मला.”

बाबा दाराजवळच्या बाकावर टेकले. त्यांच्या नखांच्या कडांना नेहमीसारखा रंग होता, आज पिवळा. बाबा पाट्या रंगवायचे. छापील फलकांच्या दिवसांतही गावात काही दुकानदार असे होते की ज्यांना आपलं नाव हाताने लिहिलेलंच हवं असायचं, आणि ते बाबांकडेच यायचे.

“ऐक आता,” बाबा म्हणाले. “एक दिवस सकाळी आकडा लाल आला. म्हटलं असेल, आणि कामाला गेलो. औषधांच्या दुकानाची पाटी होती. शिडीवर चढलो आणि फोन सुरू. आधी तुझी आत्या. मग धाकटा. मग तू. ठेवला की वाजतोय, ठेवला की वाजतोय. मला वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. ब्रश दातात धरला, खिशात हात घातला, आणि पाय सटकला.”

थोरली बाकावर त्यांच्या शेजारी टेकली.

“मग?”

“मग काय. दुकानाला छप्पर होतं, त्याला धरलं. निळ्या रंगाचा डबा मात्र गेला.”

“तुम्ही बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर धाकट्याने शिडीचं सरपण केलं असतं. त्याचं आधीच पालुपद चाललंय, बाबा, आता पुरे, घरात बसा. घरात बसून काय करू? भिंतींवर तुमची नावं लिहू?” बाबांनी नखावरचा रंग खरवडला. “भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली गं. म्हणून म्हटलं, मास्तर, तुझा दंड दे.”

“आणि गरगरतं त्याचं?” मास्तर म्हणाले.

बाबांनी मास्तरांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता.

“कसलं गरगरतं?” थोरली म्हणाली.

“सकाळी उठताना. परवा न्हाणीच्या दाराला धरून उभा होता. मी विचारलं तर म्हणतो, दाराचा रंग बघतोय.”

थोरलीला एकदम सगळं दिसलं. आधी लाल आकडे आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली होती. नंतर मास्तरांचे हिरवे आकडे पाहून त्या खूश झाल्या आणि तीच गोळी चालू ठेवली. त्या गोळीचं बाबांच्या अंगात काय होत होतं, ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या वेळी निदान कुणी काही दाखवत नव्हतं. इथे तिच्याच फोनवर रोज हिरवं पान डोलत होतं, आणि ती ते बघून निवांत झोपत होती.

तिने मास्तरांच्या दंडावरचा पट्टा सोडवला.

“चला बाबा, आत्ता तुमचं मोजू.”

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. सत्तरीचा माणूस, पण इंजेक्शनला घाबरलेल्या पोरासारखा उभा राहिला.

“मोजलं की ते बोंबलणार.”

“तुमच्या भल्यासाठीच ना?”

“ते कळतं मला. पण माझा आकडा आधी मला कळावा की नाही? पाटी रंगवली की रंग वाळेपर्यंत मी वर कागद लावून ठेवतो. ज्याची पाटी, त्यालासुद्धा बघू देत नाही. आणि इथे माझ्या दंडाचा पट्टा सुटायच्या आत बातमी समुद्रापार.” बाबांचा आवाज चढला नव्हता. “ते आधी बंद कर. मग काय तो दंड, दे म्हणशील तेव्हा देतो.”

थोरलीने पट्ट्याची गुंडाळी केली आणि मशीन पिशवीत घातलं.

*

“घरच्यांना लगेच कळतं, हेच तर आपलं नाक आहे,” मॅडम म्हणाल्या. “इस्पितळांनी तेवढ्यासाठी हो म्हटलंय. आणि तू म्हणतेस, तेच काढा.”

कंपनीच्या प्रमुख मॅडम मोजकं बोलत, पण ऐकून घेत. टेबलाशी तिसरा होता तो प्रोग्रामर. त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण लोक ज्याला बैठक संपली म्हणतात, तिथून त्याच्या शंका सुरू व्हायच्या.

“मॅडम, आपल्या सगळ्या रुग्णांत सगळ्यात सुंदर आलेख कुणाचा आहे माहितीये?” थोरली म्हणाली. “पोहण्याच्या मास्तरांचा. आणि ते आपले रुग्णच नाहीत.”

तिने घडलेलं सांगितलं. मॅडम आधी मोकळेपणी हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

“असे मास्तर आणखी किती असतील?”

याचं उत्तर शंकासुराने शोधून आणलं. कुणाचं नाव दिसत नव्हतं, नुसते आकडे. खबर जायच्या यादीत ज्यांचे एकटे डॉक्टर होते, त्यांचे आकडे माणसांसारखे होते, कधी वर, कधी खाली. ज्यांच्या यादीत मुलं, सुना, जावई, बहिणी होत्या, त्यांचे आकडे शिस्तीत हिरवे. काहींचा पट्टा मोजता मोजता मध्येच सुटायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा बांधला जायचा, छान आकडा येईपर्यंत.

मॅडमनी पडदा आपल्याकडे वळवला.

“म्हणजे लोक बरे होत नाहीयेत. हुशार होतायत.”

“शंका आहे,” शंकासुर म्हणाला. “निवड त्यांच्या हाती दिली आणि एखाद्याने कुणालाच दाखवलं नाही तर?”

“आज तरी काय दाखवतायत?” थोरली म्हणाली.

मॅडमनी थोड्या लोकांपुरतं करून बघायला परवानगी दिली. थोरली कामाला लागली. तिने पान काढलं, घंटा काढली. आकडा आला की तो फक्त मोजणाऱ्यालाच दिसणार, साध्या काळ्या अक्षरात, आणि त्याखाली एक प्रश्न: ‘हे कुणाला दाखवायचं?’ खाली त्याच्या माणसांची यादी. शेवटी एक ओळ: ‘सध्या कुणालाच नाही.’

“आणखी एक शंका,” शंकासुर म्हणाला. “त्यांनी मोजलं पण दाखवलं नाही, तर घरच्यांच्या फोनवर काही खूण? बंद कुलूप वगैरे?”

थोरलीला ते कुलूप फार हवं होतं. निदान मोजलंय एवढं तरी कळलं असतं. पण मग कुलूप दिसलं की आत्या फोन करणार, धाकटा करणार, आणि ती स्वतः सगळ्यांच्या आधी करणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

“नको,” ती म्हणाली. “झाकलेली मूठ झाकलेलीच राहू दे.”

सगळं नीट चालतंय का हे बघायला कुणाचा तरी दंड हवा होता. तिने स्वतःचाच पट्ट्यात घातला. डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण ते आताशा रोजचंच होतं. मशीन गुरगुरलं, सैल झालं. एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव.

“हा कुणाचा?” शंकासुराने मागून विचारलं.

“चाचणीचा. जिना चढून आलेय.”

‘हे कुणाला दाखवायचं?’ पडद्याने विचारलं. प्रश्न तिनेच लिहिला होता. यादीत पहिलं नाव बाबांचं होतं. तिने शेवटची ओळ दाबली. पडदा काही बोलला नाही, जसा आखला होता तसाच.

*

बाबांनी चष्मा लावून नवा पडदा वाचला. दोनदा वाचला. मग स्वतःच यादी उघडली आणि रंगाचं बोट एकेका नावावर नेलं. थोरली शेजारी बसून बघत होती, आणि बघत नाही असं दाखवत होती.

डॉक्टरीणबाईंवर बोट टेकलं. मास्तरांचं नाव नव्याने घालायला लावलं, त्यावर टेकलं. मग बोट ‘थोरली’वर आलं, तिथे थांबलं, आणि तसंच पुढे गेलं.

“रागावू नकोस,” बाबा म्हणाले.

“नाही रागावले.”

रागावली नव्हती. वाईट मात्र वाटलं, चांगलंच वाटलं. सगळी खटपट केली ती, आणि दारातच उभी राहिली तीच. पण बाबांनी आपण होऊन बाही वर केली, पट्ट्यात हात घातला आणि डोळे मिटून पाच मिनिटं गप्प बसले. ते बघत असताना तिला उठून जाण्याचं सुचलं. ती स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवून उभी राहिली. मशीन गुरगुरल्याचं ऐकू आलं. आकडा काय आला, ते तिला कळलं नाही.

त्यानंतर तिचा फोन बाबांच्या बाबतीत मुका झाला. सुरुवातीला ती उगाच उघडून बघायची. धाकट्याचा फोन आला, तो तणतणतच.

“माझ्याकडे काहीच येत नाही. तुझं ॲप बंद पडलंय का?”

“चालू आहे. बाबांनी दाखवलं तर दिसेल.”

“म्हणजे मी करू काय?”

“बाबांना फोन कर, आणि बीपी सोडून दुसरं काहीतरी बोल.”

“दुसरं काय बोलू?” हे त्याने खरोखरच विचारलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाबांनीच सांगितलं की धाकटा कितीतरी वेळ बोलत बसला होता. त्याच्या घराचं फाटक रंगवायचंय आणि रंग कुठला घ्यावा हे त्याला कळत नाही म्हणे. “पोपटी घेतोय गाढव,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की थोरलीने बीपीचा ब काढला नाही. दवाखान्यात ते मास्तरांबरोबर जाऊन आले होते, एवढं तिला कळलं. काय झालं ते तिने विचारलं नाही, जीभ आवरून धरली.

तिचं डोकं मात्र ठणकत होतं. तिने आणखी दोनदा स्वतःचं मोजलं, दोन्ही वेळा जिना न चढता. दोन्ही वेळा शेवटची ओळ दाबली.

*

इस्त्रीच्या दुकानाची पाटी चालली होती. थोरली ऑफिसातून लवकर निघून तिथे पोचली, तेव्हा मास्तर शिडी धरून उभे होते आणि बाबा खालून तिसऱ्याच पायरीवर. पाटी खाली घेऊन टेकवली होती, म्हणजे फार चढायला नको.

“आता याहून उंच नाही,” मास्तरांनी तिला पाहताच जाहीर केलं. “डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. आणि शिडी धरायला माणूस पाहिजे. मी लागलोय नोकरीला.”

“मास्तर, तोंड बंद, हात चालू,” बाबा वरून म्हणाले. मग ब्रश तसाच अक्षरावर फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाले, “गोळी अर्धी केली त्यांनी. बसून मोजलं तर बरं होतं, उभा राहिलो की धाडकन उतरायचं. म्हणून गरगरायचं. मास्तरचंही सांगून टाकलं त्यांना.”

“मग?”

“हसल्या आधी. मग झापलं. दोघांनाही.” बाबांनी अक्षराची शेपटी ओढून पुरी केली. “आता नाही गरगरत.”

ज्या आकड्यासाठी थोरली झुरली होती, तो तिला कधीच दिसला नाही, आणि तरी बाबा समोर धडधाकट उभे होते. एवढं पुरे होतं. दुकानाच्या दारात एक खुर्ची होती, तिच्या पाठीला धरून ती उभी राहिली आणि तिने फोन काढला. तिचे तीन आकडे तिथेच होते, काळ्या अक्षरात, कुणालाच न दाखवलेले. तिने यादी उघडली. ‘बाबा’वर बोट आणलं, आणि मग वर पाहिलं. बाबा शिडीवर होते. ती थांबली.

बाबा एक एक पायरी उतरले. दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरही त्यांनी शिडी सोडली नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे जरा वेळ तसेच उभे राहिले, मग हात सोडले, मग फडक्याला पुसले.

तेव्हा तिने बोट टेकवलं.

बाबांचा खिसा वाजला. त्यांनी फोन काढला, चष्मा लावला, फोन लांब धरला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ‘अगं हे काय’ येणार, मग ‘कधीपासून’, मग ‘सांगितलं का नाहीस’. प्रत्येक प्रश्न तिला पाठ होता, तिने ते सगळे इतरांना विचारलेले होते.

बाबांनी चष्मा काढून मिटला. दारातली खुर्ची पुढे ओढली आणि हातातल्या फडक्याने तिची बैठक पुसली. पुसली म्हणजे तिला थोडा पिवळा रंग लावला.

“बस इथे. पाठ टेकव. पाच मिनिटं बोलायचं नाही.”

ती बसली. मास्तरांनी काय ते ओळखलं आणि आपल्या पिशवीत बाबांसाठी ठेवलेलं मशीन काढलं.

“माझा दंड हवा असेल तर सांग हं,” ते म्हणाले. “अजून चालू आहे.”

“मास्तर.”

“गप्प बसलो.”

बाबांनीच तिच्या दंडाला पट्टा बांधला, लहानपणी बुटाची नाडी बांधायचे तसा, दोनदा ओढून बघत. मग पट्टा नीट बसला का ते पाहत त्यांनी हळूच विचारलं,

“आत्याला, धाकट्याला सांगायचं?”

पाच मिनिटं बोलायची बंदी होती. तिने नाही अशी मान हलवली.

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी फोन रंगाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि तिच्या मागे जाऊन, शिडी धरतात तशी, दोन्ही हातांनी तिची खुर्ची धरली.